दाराबाहेरच्या चपला

३ फेब्रुवारी २००६, शुक्रवार
सकाळच्या एसटीने देवरीहून गोरेगावला आले. हवा छान होती, धानाच्या बांध्या रिकाम्या. प्रकल्पाने इथला बंद पडलेला बर्फाचा कारखाना भाड्याने घेतला आहे. मागच्या खोलीत माझी राहायची सोय आहे. आवडली.
काम सोपं आहे. न्यूट्रिनो नावाचे कण पृथ्वीच्या आरपार जातात, आपल्यातूनही. एखादाच बर्फात धडकतो आणि निळसर उजेड पडतो. तो टिपणारे काचेचे गोळे दक्षिण ध्रुवावर, बर्फात दोन किलोमीटर खोल पुरतात. त्याआधी इथल्या अंधाऱ्या थंड खोलीत, बर्फाच्या लादीत गोठवून तपासतात. गोळ्याने उजेड टिपला की संगणकावर ठोका उमटतो. मी बाहेर बसून ते ठोके मोजायचे.
रत्नपालदादा हेच काम करायचा. गेल्या मे महिन्यात तो याच थंड खोलीत गोठून गेला. माझं आडनाव सासरचं आहे. मी त्याची बहीण, हे इथे कोणाला माहीत नाही.

६ फेब्रुवारी
मुकादम हिरालाल यांनी नियम सांगितला. आत जाताना चपला दाराबाहेर काढायच्या, गमबूट घालायचे. कडी लावणाऱ्याने चपला पाहायच्या, दिसल्या तर आत माणूस आहे, कडी लावायची नाही. आतली कडी तुटलेली आहे, आतून दार उघडता येत नाही. आधीच्या पोराने चपला बाहेर ठेवल्याच नाहीत, स्वतःच्या चुकीने मेला, असं म्हणाले आणि हसले. मी वहीत नियम लिहून घेतला.

१५ फेब्रुवारी
आज ठोके विचित्र. दोन, थांबून एक. पुन्हा दोन, थांबून एक. आत कोणी नव्हतं. तपासणीचा दिवाही बंद होता.
दादा घरी आला की असंच दार वाजवायचा. मग मी उघडायचे.

२१ फेब्रुवारी
रोज तेच. अहवालात लिहिलं नाही.
हिरालाल नळावर पाय धूत होते. पायात निळ्या पट्ट्यांच्या चपला. डावीचा अंगठा तारेने बांधलेला. ती तार मी बांधली होती. चपलाही मीच देवरीच्या बाजारातून दादाला आणून दिल्या होत्या.

२३ फेब्रुवारी
झाडलोट करणाऱ्या पार्वताबाईंना विचारलं. आधी म्हणाल्या, "काऊन वो बाई, तुले कायले पायजे?" मग रडल्या. त्या दिवशी हिरालालची चप्पल तुटली. दारापुढच्या दादाच्या चपला घालून तो तंबाखू-सुपारीचा खर्रा आणायला गेला. परत आला, दाराबाहेर चपला दिसल्या नाहीत, कडी लावून घरी गेला. चपला त्याच्याच पायात होत्या. "मी बोलली असती त काम गेलं असतं माह्यं," म्हणाल्या.
वर दादालाच दोष. आईसुद्धा तेच मानून बसली आहे.

१ मार्च
आता ठोके मी संगणकाजवळ गेले की सुरू होतात. उठले की थांबतात. त्याला माहीत आहे मी—
कळलं, दादा.

४ मार्च, शनिवार
दुपारी गोळ्याची वायर बदलायला हिरालाल आत गेले. जाताना म्हणाले, "चपला पाहूनच लावजो कडी, मास्तरीण!" हसले.
निळ्या चपला दाराशी. मी घातल्या. मोठ्या होतात. चौकातून चहा पिऊन आले.
दाराबाहेर चप्पल नव्हती. नियमाप्रमाणे कडी लावली.

संध्याकाळ
आलेख भरून गेला. वेडेवाकडे ठोके, मोजता येईनात. मग कमी. मग—
शांत. आईला सांगेन. चूक दादाची नव्हती.

५ मार्च, रविवार, सकाळ
आज कोणी येत नाही.
ठोके. दोन, थांबून एक.
आता काय राहिलं? झालं ना—
संगणक बंद केला. वायर काढली. तरी ऐकू येतं. दारातून.
दोन, थांबून एक.
हिरालाल नकोच होता दादाला. तो फक्त दार उघड म्हणतो आहे. पहिल्या दिवसापासून तेच, आणि मी—
कडी काढली. वही हातात आहे. आत अंधार.
चपला काढल्या. दाराशी जोडून ठेवल्या, पट्टे सरळ केले. पाहायला आज बाहेर कोणी—