डोन्या रेमेडिओसचा शुक्रवार

प्रिय रोडेल,

तुझ्या मनिलातल्या घराचा फोटो मासिकात पाहिला. पोहायला येत नाही तुला, आणि अंगणात पोहण्याचा तलाव. दोन सिनेमे, तीन मालिका लिहिल्यास; शोभतं म्हणा.

इथे इलोइलोच्या रेडिओसाठी आपण दोघं नाटकं लिहायचो, तेव्हा खलनायिकेचे संवाद माझ्याकडे असायचे. मग आई अंथरुणाला खिळली. मी राहिले, तू गेलास. आता तुझ्या मालिकेतली खलनायिका, बंगल्याची मालकीण डोन्या रेमेडिओस, माझ्यासारखीच चष्मा पुसत टोमणे मारते. काल मासळीबाजारात नेनिता म्हणाली, "लिगाया, ती बया अगदी तुझ्यासारखी बोलते गं. मरेना का एकदाची." मी हसले. घरी येऊन आरशासमोर चष्मा पुसून पाहिला.

शुक्रवारी तू तिला समुद्रात बुडवणार, असं ऐकलं. रोज संध्याकाळी अख्खा देश तिला शिव्या घालतो. मला इथे कोण विचारतं?

हे पत्र टाकणार नाही. टाकलं तर हेही तू तिच्या तोंडी घालशील.

बुडव हवं तर. फक्त प्रेत सापडू देऊ नकोस. प्रेत सापडलं नाही, तर आपल्या मालिकांत माणूस परत येतो. हे तुला मीच शिकवलंय.

तुझी ताई,
लिगाया