तबेल्याच्या सुनावणीत मी उभा राहिलो, त्याची हकीकत

तीर्थरूप दाजींच्या पायांवर (शस्त्रक्रिया झालेला गुडघा सांभाळून) डोकं ठेवून नमस्कार.

तुम्ही काठीशिवाय जिन्यापर्यंत जाता असं ताईने कळवलं, फार बरं वाटलं. ताईला म्हणावं, रक्तदाबाच्या गोळ्या उशीखाली ठेवून गुण येत नाही, त्या गिळाव्या लागतात. इकडे सगळे खुशाल. म्हणजे माझा आवाज ठणठणीत आहे आणि बाकीच्यांना नेमका त्याचाच त्रास आहे. तुमच्या कानावर एव्हाना काहीबाही आलंच असेल. माझी धाकटी बहीण फोनवर जे सांगते ते अर्धं खोटं असतं. उरलेलं अर्धं मीच सांगतो.

आमची कन्या ज्या घोडेस्वारीच्या शाळेत शिकली आणि आता शिकवते, ती शाळा महिनाअखेर बंद होते आहे. तिथली राणीसरकार नावाची म्हातारी घोडी, जिच्या पाठीवर ही पोर नवव्या वर्षी पहिल्यांदा बसली (आणि त्याच दिवशी तीनदा पडली), तिला आता गिऱ्हाईक नाही. शाळेच्या मालकाने सांगितलं, पक्क्या तबेल्याचा परवाना दाखवा आणि घोडी फुकट घेऊन जा, नाहीतर व्यापारी येऊन नेईल. व्यापारी म्हाताऱ्या घोडीला कशासाठी नेतो हे आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. गावाबाहेरची आपली अडीच एकर जमीन रिकामीच आहे. तिथे तबेला बांधायचं ठरलं.

दाजी, मी जन्मभर राज्यकारभारावर वाचलं, पण बांधकाम परवान्याचा अर्ज वाचला नव्हता. त्यात पहिलाच प्रश्न, राहणारी माणसं किती? खिडकीवरच्या कारकुनाला म्हटलं, एकही नाही, एक घोडी. तो म्हणाला, मग जनावरांचा अर्ज भरा. त्यात प्रश्न होता, रोज दूध किती देते? मी तिथल्या तिथे मनुष्यजातीच्या प्रगतीतला घोड्याचा वाटा थोडक्यात सांगितला (थोडक्यात म्हणजे जेवणाची सुट्टी होईपर्यंत). कारकून म्हणाला, "साहेब, सगळं पटलं. दुधाच्या रकान्यात शून्य लिहा." शेवटी कन्येनेच मला बाजूला सारून सगळं केलं. नकाशा, विहिरीपासूनचं अंतर, लिदेचा खड्डा, वाऱ्यासाठी झरोके, पावसाच्या पाण्याची वाट. दीड महिना ती पोर शिकवणी संपवून फूटपट्टी घेऊन बसत होती. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला खोड काढायला जागा मिळाली नाही, म्हणून तो खट्टू झाला होता.

मग जाहीर सुनावणी. सभागृहात अध्यक्षबाई, दोन सभासद आणि पंचवीसेक गावकरी. भीती होती ती फक्त शेजारच्या मधमाश्यावाल्याची. पण तो उठून म्हणाला, "घोडीला माझ्या माश्यांची हरकत नसेल तर मला घोडीची नाही." झालं! अध्यक्षबाईंनी विचारलं, आणखी कुणाची हरकत? सगळे गप्प.

दाजी, ती शांतता मला सहन झाली नाही. जिथे विरोधाचा एक शब्दही निघत नाही तिथे निर्णय होत नसतो, नुसते शिक्के उठतात, हे मी चाळीस वर्षं व्यासपीठांवरून सांगत आलो. मग ते फक्त दुसऱ्यांच्या अर्जांना लागू? मी उभा राहिलो. बेत साधा होता: हरकत असती तर कोणती असती हे आधी पूर्ण ताकदीने मांडायचं आणि मग तिचा एकेक मुद्दा खोडून काढायचा. म्हटलं, आज तबेला, उद्या त्याला माडी, परवा हॉटेल. शेतजमीन अशीच भल्या माणसांच्या हातून जाते! लोक सरसावून बसले. मागच्या बाकावरचा शिंपी टाळ्या वाजवू लागला. बोलायला पंधरा मिनिटं होती. चौदा मिनिटं मी हरकत मांडली, एक मिनिट टाळ्यांत गेलं, आणि खोडून काढायला तोंड उघडलं तेवढ्यात अध्यक्षबाईंनी घंटा वाजवली.

मधमाश्यावाला डोळे पुसत उठला आणि आपली संमती मागे घेतो म्हणाला. परवाना अडला. इतिवृत्तात लिहिलंय, "अर्जदाराने स्वतःच्या अर्जास तीव्र हरकत घेतली." बारा लोकांनी दारात माझा हात हातात घेतला. कन्या तेरावी. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जिंकलात. आता घोडी व्यापाऱ्याच्या गाडीत कोण चढवणार तेवढं सांगा." त्यानंतर आजतागायत एक शब्द नाही. ताटात वाढते, पण माझ्याकडे न बघता. तिची आई मात्र बोलते. म्हणते, "नशीब, आपल्या लग्नात कुणी हरकती मागवल्या नव्हत्या. तुम्ही तिथेही उठला असतात."

पण मी बोललो त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि एकही मागे घेणार नाही. माणसाने मताला जागावं, मग घरात कुणी विचारो न विचारो. तुम्ही मला ओळखता.

ताईला नमस्कार. गुडघा शेकत राहा. मला रागवायचं असेल तर पत्रातून रागवा, फोन सध्या हिच्याकडे असतो.

तुमचा मेहुणा

ता. क. येत्या मंगळवारी फेरसुनावणी आहे. माझं नाव हरकतदारांत चढल्यामुळे अर्जाच्या बाजूने दुसऱ्या कुणातरी घरच्याला बोलावं लागतं. तुम्ही या. तुम्ही आयुष्यात एका वेळी सहा शब्दांवर गेला नाहीत, तेच हवं आहे. "घोडी म्हातारी आहे. छप्पर हवं." एवढं म्हणून खाली बसा.

ता. क. दुसरा. त्या दिवशी मी गावात नसावं असं घरात बहुमताने ठरलं आहे. तेव्हा तुम्ही इकडे निघालात की मी तिकडे येईन. ताईने दाराला बाहेरून कडी घातली तरी माझी तक्रार नाही.

ता. क. तिसरा, आणि हा कन्येला सांगू नका. एकही शब्द मागे घेणार नाही असं वर लिहिलंय, ते तसंच राहू द्या. काल मी कार्यालयात जाऊन हरकत मागे घेतली. त्याशिवाय मंगळवारची तारीख मिळत नव्हती. त्या अर्जात कारणासाठी एकच ओळ सोडलेली असते. मी लिहिलं, "मुलगी माझ्याशी बोलत नाही." कारकुनाने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "एवढंच?" चाळीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, दाजी. आणि मला पुढे काही सुचलं नाही.