अर्धीच वाजणारी शिट्टी

११ सप्टेंबर, गुरुवार

गणपती गेले, वेदिका राहिली! तिच्या पुण्याच्या ऑफिसचं म्हणणं — बिघाड सुटेपर्यंत घरून काम कर, सुटला की हजर हो. म्हणजे बिघाड आहे तोवर लेक इथे घरी, मांडवीत. जन्मभर लोकांच्या पंपांच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून पोट चाललं. हा पहिला बिघाड, जो सुटू नये असं वाटतंय.

काम काय ते विचारलं. "बाबा, आम्ही एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा खोटा कॉम्प्युटर चालवतो. कारखान्यांतली जुनी यंत्रं जुन्याच कॉम्प्युटरचं ऐकतात, नि तो आता बाजारात मिळत नाही. म्हणून खोटा." तो खोटा चालता चालता मधेच गोठतो. का, ते कळत नाही.

१२ सप्टेंबर

ती डोकं धरून बसलेली. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक लॅपटॉपला टेकवलं नि मूठ कानाला. मोटारीचं बेअरिंग आम्ही असंच तपासतो.

"बाबा! बोअरवेलची मोटार नाही ती!"

हसू दे. ऐकलं ते ऐकलं. गोठला की आतला पंखा हळू होतो. म्हणजे राबून दमलेला नाही — कुणाची तरी वाट बघत बसलाय!

"तेच तर," म्हणाली. "डेडलॉक म्हणतात. आत एकाच वेळी बरीच कामं चालतात. एकाने एक किल्ली धरलीय नि दुसरी मागतोय. दुसऱ्याने ती दुसरी धरलीय नि पहिली मागतोय. सोडत कुणीच नाही. पण हे दोघं कोण, तेच सापडत नाही."

अगदी आमची सामाईक विहीर! पंपघराची चावी शेजारच्या केरूकडे, स्टार्टरचा फ्यूज माझ्याकडे. तो घरी बसून फ्यूजची वाट बघतो, मी चावीची. कलमं तहानलेली!

१४ सप्टेंबर, रविवार

मला सापडलं. तो खोटा अधूनमधून बारीक शिट्टी देतो. पींऽऽ. आवाज तिने इतका कमी ठेवलाय की दुसऱ्या कुणाला ऐकूच येणार नाही. गोठतो तेव्हा दर वेळी शिट्टी अर्धीच तुटते. म्हणजे त्या दोघांतला एक आवाजवाला!

सांगितलं नाही. सांगितलं की लेक चालली.

रात्री जेवताना दमयंती, "अहो, काय ता पोटात ठेवलंय?"

"काय नाय."

"तीन वर्षं पोर पुण्यात राहते, एकदा तरी तिची खोली बघितलीत?"

दुकान कोण बघणार? नि पोरीने तरी एकदा "या" म्हटलंय?

१५ सप्टेंबर

आज बटणांचा आवाज मोकळा, टपटप. दुपारी गुणगुणत आईला नारळ खवून दिला. विचारलं, "सापडलं काय गो?" "नाही हो बाबा, कसलं!" बरं झालं.

१७ सप्टेंबर, बुधवार

सांगून टाकलं. बिघाड कळूनही गिऱ्हाइकापासून लपवायची माझी रीत नाही, नि ही तर लेक! शिट्टीचं ऐकलं नि गळ्यातच पडली. "बाबा, तुमचे कान!" डोळे ओले. एवढं काय त्यात?

संध्याकाळी तिने समजावून सांगितलं. आवाजवाल्याने स्वतःची किल्ली धरून मोठी किल्ली मागायची, नि मोठीवाला नेमका आवाजाची मागत बसायचा. आता नियम एकच: आधी मोठी, मगच आवाजाची. सगळ्यांनी त्याच क्रमाने. मी केरूला फोन लावला — यापुढे आधी चावी, मग फ्यूज. तू चावी घेऊन निघालास की मी निघतो. तो म्हणाला, "हे तुला आत्ता सुचलं?"

१८ सप्टेंबर

तिची रविवारची पुण्याची गाडी ठरली. दमयंती कोकम बांधतेय, कुळथाचं पीठ बांधतेय. मी उगाच एक चांगली मोटार उघडून बसलो.

२० सप्टेंबर, शनिवार

वेदिका पडवीत फोनवर. ऑफिसातला सर्वेश. फोन तिच्या कानाला, पण त्याचा आवाज माझ्यापर्यंत. "अगं, तुझी दुरुस्ती तर सोमवारीच पास झाली. पुढे आठवडाभर रजा कशाला टाकलीस?"

सोमवारी! मी सांगितलं बुधवारी!

ती हळू आवाजात म्हणाली, "बाबांना कसं म्हणू, माझ्याकडे या? दुकान सोडून ते कधी येतात? म्हणून मीच राहिले."

काही ऐकलंच नाही असं दाखवून आत आलो. चहा टाकला. ती आल्यावर मीच आधी बोललो —

"दसऱ्याला हत्यारांची पूजा उरकली की दुकान बंद करतो गो. आठ दिवस. तुझ्या खोलीत तिघं मावू ना?"