रेखाचं गिटारीचं खोकं

१२ सप्टेंबर ९९, रविवार
आज रेखानं घरातला जुना रेडिओ फोडला. फोडला म्हंजे उघडला. आमचे मालक व्हते तोवर त्याच्यावर बातम्या लागायच्या, ते गेल्यावर आत कोळ्यांनी संसार मांडला. आतून काचेच्या कुप्या निघाल्या, इंजेक्शनच्या औषधाच्या असत्यात तशा पण मोठ्या. त्यांना वाल म्हणत्यात. त्या वालांवर रेखाला गिटारीचा आवाज मोठा करायचं मशीन करायचंय. आंपलीफायर. चार वेळा म्हणून बघितलं, पाचव्यांदा तोंडात बसलं.
रेखा म्हंजे माझी नात, दत्तूची थोरली. आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला तेव्हा वर्गात सगळी पोरं न ही एकटी. आता ना.गावात, म्हंजे आमच्या बाजाराच्या गावी, एसटीडीच्या बूथवर बसती. सुट्टीदिवशी गोठ्याशेजारच्या खोलीत तारा न धूर. ही डायरी पण तिनंच दिली, बियाण्याच्या दुकानातली. म्हणाली, आजे, जे दिवसभर बोलतेस तेच लिही. मी म्हणलं, मग पुरायची नाय.
गुडघा दुखतोय. हे रोज काय लिहायचं, नुसतं गु.दु. लिहीन.

१९ सप्टें., रवि.
हे गिटारीचं खूळ आलं कुठून ते आज कळलं. बूथच्या पलीकडं तमाशाच्या फडाची राहुटी हाय, म्हंजे त्यांची कचेरी. त्या फडात गुलाबभाऊ म्हणून गिटार वाजवतो. घरी फोन लावायला येतो. दोन आठवड्यांमागं रेखाशी बोलता बोलता म्हणाला, माझं खोकं वाजतं कमी न गुणगुणतं जास्त. ही म्हणाली, मी करून देऊ का नवीन? तर हसला. म्हणला, "ताई, हा मिक्सर न्हाई दुरुस्त करायचा. स्टेजवर चार तास तापून वाजलं पायजे."
पोरीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या असणार, लहानपणापासून व्हत्यात. सांगून आली, तुमच्याच स्टेजवर वाजवून दाखवीन. आता मागं फिरायची नाय ती. हिच्या आज्याचं रगात.
मी काय तमाशा बघितलेला नाय. सहासष्ट वर्षाची झाले, ना.गावात दुकानं असावीत तशा फडांच्या राहुट्या, पण घरच्या बाया जात न्हाईत. लांबून ढोलकी ऐकलीय तेवढीच.
गु.दु.

३ ऑक्टोबर
खोकं तयार. टोमॅटोच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून केलेलं. मोठा गोल स्पीकर जुन्या बाजारातून आणला, तो आत बसवला. रेडिओवरची गाणी लावली तर गाण्यापेक्षा फळ्याच वाजायला लागल्या, खडखड खडखड, एसटीच्या मागच्या बाकावर बसल्यागत. किसनतात्या सुतार बांधावरून चाललेला, आत डोकावला. सगळ्या बाजूंनी बघितलं न म्हणला, "रेखे, याच्यात आवाज कोंडायचाय का कोंबड्या?"
रेखा पण हसली. मग त्याला बसवून चहा पाजला न खाचा कशा पाडायच्या ते विचारून घेतलं. चहा माझ्या हातचा. म्हंजे माझी पण मदत झाली.

१८ ऑक्टो., खंडेनवमी
काय लिहू. 
सकाळी सगळी हत्यारं धुतली. विळे, खुरपी, कोयता, दत्तूचा फवारणीचा पंप. दरवर्षीसारखी पाटावर मांडली. मनात आलं, रेखाची हत्यारं काय हत्यारं न्हाईत का. ती बूथवर गेलेली. पक्कड, पेचकस, ती डाग द्यायची कढई... कढई न्हाई, कावी म्हणती ती. सगळी आणून मांडली. न स्पीकर. त्याला तर आधी मान. कुंकू ओलं करून बोट लावलं मधोमध. मला काय ठाऊक तो कागदाचा असतो. लोखंडाची कड बघून वाटलं सगळा लोखंडाचा. बोट आत गेलं. फाटला टर्रकन.
फूल वाहून झाकून ठेवलंय. ती यायची हाय सहाच्या गाडीनं.

१९ ऑक्टो., दसरा
रेखा काल आली, फूल उचललं, बघितलं. मी चुलीकडं तोंड करून बसले व्हते. म्हणलं आता बोलंल. ती गेली सरळ धाकट्या भावाच्या पतंगाकडं. संक्रांतीपासून माळ्यावर पडलेला. त्याचा कागद काढला, पातळ डिंक लावला न आतून-बाहेरून ठिगळ लावलं, मी गोधडीला लावते त्याहून बारीक. कुंकू पुसू का म्हणलं तर म्हणाली, राहू दे, पूजा झालेली पुसत न्हाईत.
वर मलाच म्हणती, बरं झालं आत्ताच कळलं कुठं कच्चं हाय.
सोनं वाटताना तिच्या हातात चार पानं जास्त दिली.

१४ नोव्हेंबर
दिवाळी झाली. आज शालनचं, माझ्या सुनेचं, तोंड फुगलंय. कारण मी. स्वयंपाकघरातली भांड्यांची सागवानी फळी मी रेखाला दिली. लांबलचक, वाळून खणखणीत, कुठं गाठ न्हाई. किसनतात्यानं टिचकी मारून बघितली न म्हणला, हीच. शालनचे हंडे-कळशा आता जमिनीवर. म्हणती कशी, "आत्याबाई, तुमची नात वाजवंल न मी वाकंन." तिचं पण खोटं नाय. पण तोंड फुगवून तिनंच नंतर रेखाला कापायला फळी धरली.
खाचा अशा पाडल्यात की दोन हातांची बोटं एकमेकांत घालावी तशा फळ्या बसल्या. एक खिळा नाय. मी वर बसून बघितलं. करकर पण नाय.

१२ डिसेंबर
नवीन कळ आली. खोकं चालू केलं की घूंऽऽ. तीन रविवार झाले. रेखा जेवत नाय धड. गुलाबभाऊच्या खोक्याला हाच आजार व्हता ना, म्हणून जास्त लागलंय तिला.
काम करताना डावा हात पाठीमागं खोचून ठेवती. मी म्हणलं, काय ग, कंबर धरली का? म्हणाली, आत लई करंट असतो, दोन्ही हात घातले तर छातीतून जातो, म्हणून एकच हात. कोणी शिकवलं? सरांनी एकदा सांगितलेलं. एकदाच सांगितलेलं, बघा. न मी दत्तूला गूळ झाकून ठेव म्हणून चाळीस वर्षं सांगते.

संध्याकाळी: सापडलं. जड लोखंडाचा तुकडा असतो तारा गुंडाळलेला, ट्रान्सफार्मर, त्याच्यामुळं गुणगुणत व्हतं. जागचा उचलून आडवा फिरवला न लांब बसवला. घूं गेलं. मी विचारलं, चालू हाय का बंद? चालूच व्हतं. वाल केशरी झालेले, तिन्हीसांजेचा दिवा लावल्यागत. मी हात जोडले. सवय.

९ जानेवारी २०००
गुलाबभाऊ आला घरी. गिटार घेऊन, मोटारसायकलवर. पन्नाशीचा माणूस, केस काळे केलेले, बोलायला गोड. दत्तू मळ्यात व्हता. आधी नुसता उभा राहिला खोक्यासमोर, हात मागं बांधून, विकत घ्यायच्या बैलाकडं बघावं तसा. मग रेखानं पाठीमागची फळी काढून आतलं दाखवलं. स्पीकरवर कुंकू बघितलं न चपला काढल्या. खोक्याला हात लावून कपाळाला लावला. "आमच्यात वाद्याला असंच करत्यात. कुणी पूजा केली?" मी पदर ओढला.
मग वाजवलं. मला त्यातलं काय कळतंय. पण पोटात वाजतं ते. हंडे जमिनीवर व्हते ते थरारले. शालन भाकरी तव्यावर ठेवून दारात. शेवटचा सूर लई लांबला.
गुलाबभाऊनं गिटार खाली ठेवली. मग म्हणला, "ताई, मी हसलो व्हतो. चुकलं माझं." पाडव्यापासून जत्रांचा हंगाम, हे खोकं मला द्या म्हणला.
रेखाच्या कानाच्या पाळ्या.

१० जाने.
दत्तू नाय म्हणला. खोकं भजनी मंडळाला द्या, शाळेच्या गॅदरिंगला द्या, तमाशाला जायचं नाय. माझ्या पोरीनं केलेलं तमाशात वाजतंय म्हणून चारचौघांत निघालं तर?
रेखा भांडली नाय. खोक्यावर गोणपाट टाकलं न बूथवर गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.
गु.दु. लई.

६ फेब्रुवारी
भजनी मंडळानं नेऊन बघितलं. टाळांना खोकं कशाला लागतंय. परत आणून ठेवलं. गोणपाटावर आता मांजर झोपती.

५ एप्रिल, पाडवा
गुढी उभारली. दत्तू नवीन टोपी घालून पंचांबरोबर ना.गावात गेला, जत्रेला तमाशा ठरवायला. दरसाल जातो. दुपारी खुशीत आला, ठरला म्हणला, न फडाचं नाव सांगितलं. गुलाबभाऊचाच फड. रेखा ताट घेऊन उठली.
मग मी बोलले. आयुष्यात दत्तूला कमी बोललेय, पण आज बोलले. म्हणलं, "दत्तू, तू पुढच्या रांगेत बसतोस ते चालतं. तिचं खोकं मागं बसलं तर काय बिघडतं?"
तो पुरणपोळीकडं बघत बसला. शालननं तूप वाढलं, मागितलं नव्हतं तरी.

९ एप्रिल
दत्तू बोलला. खोकं जाऊ दे, आपल्या जत्रेपुरतं. पण कुणी केलं ते तिथं कुणाला कळता कामा नाय. रेखा म्हणाली, बरं.
बरं म्हणाली पण तोंडावरून काय कळलं नाय. मला आपलं वाटलं, काम आपलं न नाव कुणाचंच नाय, हे कसं.

२२ एप्रिल, शनि., जत्रा
खोकं दत्तूनंच जीपमध्ये चढवलं. गोधडीत गुंडाळून. माझी गोधडी. जड हाय म्हणला, न दोन्ही हातांनी धरलं, लहानपणी रेखाला धरायचा तसं. मी बघितलं, त्याला कळलं मी बघितलं.
रात्रीच्या खेळाचा आवाज मळ्यापर्यंत आला नाय, वारा उलटा. उद्या दिवसा हजेरी असती, म्हंजे रात्रीच्यांचाच दुसरा खेळ. तेव्हा कायतरी करू.

२३ एप्रिल, रवि.
शाळेच्या गच्चीवर गेलो. मी, रेखा, शालन. शिपायाला सांगितलं कुरडया वाळत घालायच्यात. कुरडया नेल्या पण खऱ्या.
तिथून मंडप दिसतो, माणसं दिसत न्हाईत. टोप्या टोप्या. ढोलकी सुरू झाली, मग पेटी, मग ती गिटार. वरून ऐकली तरी ओळखू आली. रेखा कठड्याला धरून उभी. म्हणाली, "आजे, खालचे सूर इथपर्यंत येत न्हाईत. समोर बसल्याबिगर कळायचं नाय बरोबर झालंय का." मी म्हणलं, मला तर लई गोड वाटतंय. म्हणाली, तुला सगळंच गोड वाटतं. खरंय ते.
दोन तास वाजलं. एकदा पण थांबलं नाय. शालननं बोटं मोडली दोनदा, दृष्ट काढल्यागत.
मग माईकवरून त्यांचा मॅनेजर बोलला, ते स्वच्छ ऐकू आलं. म्हणला, आज गिटारीचा आवाज ज्यांना आवडला त्यांनी ऐका, हे खोकं याच पंचक्रोशीत झालंय, कारागीर मंडपात असंल तर उभं राहावं, फडाला मान करायचाय.
एक पण टोपी उठली नाय.  कारागीर गच्चीवर, कुरडयांच्यात.
परत एकदा विचारलं त्यानं. मग ढोलकी सुरू झाली.
संध्याकाळी दत्तू घरी आला. जेवला. टोपी काढून मांडीवर ठेवली न तिच्या घड्या घालत बसला.

२४ एप्रिल
सकाळी गुलाबभाऊ खोकं घेऊन आला, संगं मॅनेजर न जत्रेचे दोन पंच. आमच्या ओसरीवर सगळे. मॅनेजर दत्तूला म्हणला, अण्णा, गुलाब सांगत नाय कुणी केलंय, म्हणतो शब्द दिलाय. पण खोकं तुमच्याकडनं आलं तर मालक तुमीच. पाऊस लागंपर्यंत आमच्या संगं राहू द्या.
 पंच चहा पीत बसलेले, दत्तूच्या रोजच्या बसण्याउठण्यातले.
दत्तू म्हणला, "मी काय मालक नाय. रेखानं केलंय. तिला विचारा."
एवढंच. न गोठ्याकडं निघून गेला. पंचांच्या कपबश्या तशाच हातात.
मी आत जाऊन देवाला साखर ठेवली. थोडी मी पण खाल्ली.
रेखा दारात. लगेच हो म्हणंल असं वाटलं व्हतं. तर म्हणाली, विचार करून सांगते. आमच्यात कुठल्या बाईनं पंचांना थांबवलंय?

२६ एप्रिल, बुध.
काल रेखानं बूथवरनं येताना सांगून टाकलं गुलाबभाऊला. खोकं द्यायला तयार, पण एक अट. एकदा समोर बसून ऐकणार. बसल्याबिगर पुढं पाठवायचं नाय, काय चुकलं असंल तर आत्ताच नीट करून देईन म्हणाली. त्यांची हजेरी परवा पिंपरी पेंढारला हाय, दिवसाउजेडी. तिथं आमच्या ओळखीचं कोण नाय असं नाय, निम्मं गाव सोयरं.
आज सकाळी बूथवर जायच्या आधी, जेवताना, हे तिनं दत्तूसमोर सांगितलं. सरळ. "अण्णा, मी जाणार."
दत्तूनं घास खाली ठेवला. म्हणला, एकटी?
मी म्हणलं, मी हाय ना. सहासष्ट वर्षाच्या म्हातारीला कोण काय म्हणतंय. न म्हणलं तर मी म्हणंन, माझ्या फळीचा आवाज ऐकायला आलेय.
शालन हसली. दत्तू हसला नाय. हो पण म्हणला नाय, नको पण नाय. हात धुऊन जीपवाल्याकडं गेला, कशासाठी ते सांगितलं नाय. अजून आला नाय.
दुपारी माझं जांभळं लुगडं धुतलं, ठेवणीतलं. दोरीवर घातलंय. वारं हाय, वाळंल.