डाव्या पायाचे बूट

४ जून १९७७, सांता आना, कॅलिफोर्निया
पदवी मिळाली. आमच्या घरातली पहिली. पापांनी बुटांचं दुकान उन्हाळाभर माझ्यावर सोपवलं. नाही चाललं तर ते पुन्हा संत्र्यांच्या पॅकिंग शेडवर जाणार. त्यांची पाठ पाहता तो प्रश्नच येत नाही. दुकान वाचवणारच.

५ जून
गिऱ्हाइकं म्हणजे स्केटबोर्डवाली पोरं. सगळ्यांना तोच कॅनव्हासचा, जाड रबरी तळव्याचा बूट हवा. त्यांच्यातल्या डुईला इतिहास सांगितला: हा बूट मुळात बोटीच्या ओल्या डेकवर पाय घसरू नये म्हणून वापरत. तो म्हणाला, "असेल मॅडम. बोर्डाला चिकटतो, बस्स." उद्या सविस्तर सांगेन.

११ जून
पोरं पाय घासून थांबतात. एक बूट फाटतो, दुसरा नवाकोरा. मग गरिबाच्या पोरानं जोडी का घ्यावी? आजपासून बूट सुटा मिळेल, निम्म्या किमतीत. पापा म्हणाले, "पोरी, बूट जोडीनंच नांदतात." जुनी पिढी.

२ जुलै
दारात रांग! पापांना मुद्दाम बोलावून दाखवली. ते उरलेल्या खोक्यांकडे बघत होते.

२३ जुलै
सगळे उजवाच मागतात. उजव्या पायानं ढकलतात, त्याच पायानं थांबतात. डाव्यानं ढकलणारेही असतात. त्यांना आमच्या दुकानाचं अजून कळलेलं नाही, एवढंच. पाटी लावली: डावऱ्या पायांचं स्वागत.

६ ऑगस्ट
एक डावरा आला! त्याला निळा हवा होता. आमच्याकडे तांबडे.

२० ऑगस्ट
घाऊक व्यापाऱ्याला फोन करून फक्त उजवे पाठवायला सांगितलं. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, वडिलांना फोन दे.

१० सप्टेंबर
दुकान बंद. कल्पना चुकीची नव्हती, गाव लहान पडलं. सोमवारपासून पापा शेडवर.

१२ सप्टेंबर, पहाट
शेडची फरशी ओली असते, रबरी तळवा लागतो. पापांच्या मापाचा उजवा एकही उरलेला नाही. म्हटलं, शेजारच्या गल्लीतून जोडी आणते. म्हणाले, "बूटवाल्यानं बूट विकत घ्यायचे?" आणि दोन्ही पायांत डावेच चढवले. उजव्या पायातल्याची नाडी तेवढी ढिली केली. दुखेल म्हटलं. "सैल होईल गं. तू नोकरीचे अर्ज लिही."
मी दारात उभी होते तोवर ते ताठ चालले. वळणावर भिंतीला हात लावून थांबले.