तांदळाच्या डब्यामागचा फोन

नावन, आयर्लंड, रविवार, २१ फेब्रुवारी २०२१

माझ्यासोबत घरात राहणाऱ्या लुसियाला आज तिचा फोन परत दिला. ब्राझीलमध्ये तिची आई कोविडने आजारी पडल्यापासून तिला घरचे व्हॉइस मेसेज ऐकवत नव्हते. कामावरून आली की फोन माझ्या हातात द्यायची. मी तो कपाटात तांदळाच्या डब्यामागे ठेवायचे आणि आम्ही पत्ते खेळत बसायचो. विचारलं तर इथल्या आयरिश लोकांसारखं, 'मी ठीक आहे' अशा अर्थाने म्हणायची, "आय अ‍ॅम ग्रँड."

दुपारी तिच्या भावाने माझ्या फोनवर कळवलं, आई गेली. आता शेजारच्या खोलीत ती आईचे मेसेज एकामागून एक ऐकतेय. भाषा कळत नाही, पण आवाज दर मेसेजला बारीक होत जातोय.

एकदा तरी म्हणायला हवं होतं, ऐक गं. पण कुठल्या तोंडाने? डब्यामागे माझाही फोन असायचा. नागपूरहून बाबांनी मंगळवारी पाठवलेला मेसेज मी अजून ऐकलेला नाही.