गाव हंयच आसा

बाई, काल ओरोसहून परत येताना बसमध्ये सारखी तुमची आठवण येत होती. तुम्ही असतात तर होडीतून उतरल्या उतरल्या शाळेत तुमच्याकडेच आले असते.

तुम्ही आमच्या जुव्यावर आलात तेव्हा मी पहिलीत होते. खाडीच्या मधोमध एवढंसं बेट, एका खोलीची शाळा आणि तुम्ही एकट्या शिक्षिका. पाण्याला ओढ असली की तुम्ही होडीची फळी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसायचात. होडीवाला काका हसायचा, "बाईनू, पोहूक शिका, मगे माका रजा." पावसात होडी बंद पडली की तुमचा मुक्काम आमच्याकडे. तुम्ही मासे खात नव्हतात, म्हणून आई शिंपल्यांचं, तिसऱ्यांचं टोप उतरवून तुमच्यासाठी कुळथाची पिठी करायची. "वास येता काय बाई?" ती संकोचून विचारायची, आणि तुम्ही ताट पुढे ओढत म्हणायचात, "येतो, पण भूक जास्त आहे."

चौथीत असताना मी रजा मागितली. म्हटलं, "बाई, उद्या मी गावात जाणार आहे." आम्ही सगळे तसंच बोलायचो. होडीने पलीकडे जायचं म्हणजे गावात जायचं. तुम्ही खडू खाली ठेवलात. "मग आपण आत्ता कुठे बसलोय?" मागून कुणीतरी म्हणालं, "जुव्यार," आणि वर्ग हसला. वर्गात कधीही मालवणी न बोलणाऱ्या तुम्ही त्या दिवशी म्हणालात, "गाव हंयच आसा. ती पलतड." गाव इथेच; पलतड म्हणजे नुसता पलीकडचा काठ. दिवसभर मला ‘पलतडी जाणार’ असंच म्हणायला लावलंत. माझी रजा राहिली बाजूला.

पाचवीसाठी मी पलतडीच्या शाळेत जाऊ लागले तेव्हा तुम्ही मला चपलांचा नवा जोड दिलात. "हा तिकडे काठावरच्या दुकानातल्या बाकाखाली ठेव. चिखलाचे पाय धू आणि ताठ मानेने वर्गात जा." जुव्यावरच्या सगळ्या मुलांच्या चपला त्या बाकाखाली असायच्या.

तुम्ही गेलात, आणि त्यानंतर पट कमी म्हणून आपली शाळा बंद झाली. पलतडीची शाळा नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसते. पण पावसाळ्यात सहा वर्षांच्या पोराला होडीत बसवायला कुठली आई धजेल? एकेका घराने तिकडे खोली घेतली आणि आपली दारं ओढून घेतली.

मी घरातली पहिली पदवीधर. आता एका संस्थेत काम करते. शासनाच्या निर्णयांनी लहान बेटांवरच्या माणसांचं काय झालं, ते पाहून लिहायचं. आपला जुवा मी मागून घेतला. वाटलं, नीट लिहिलं तर शाळा पुन्हा उघडेल. घरोघर फिरले. बंद घरांच्या अंगणात पडलेल्या नारळांना तिथेच कोंब आलेत. दुकानातल्या बाकाखाली एकही चप्पल नाही. ओली होऊन येणारी मुलंच उरली नाहीत. हे सगळं मी लिहिलं.

काल ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीतल्या बैठकीत, शिक्षण खात्याच्या साहेबांनी ते चाळलं. माणूस वाईट नाही, मला आधी चहा दिला. म्हणाले, "मॅडम, सगळ्या मुलांची नावं पटावर आहेत, हजेरी चांगली आहे. मग नुकसान कुणाचं झालं?"

मी घाईने म्हटलं, "साहेब, मुलं शिकतात, पण माणसं घरं सोडून गावात राहायला गेली."

"गावातच गेली ना? परदेशात तर नाही?" सगळे हसले. "उलट सोय झाली म्हणायची." शेजारच्यांनी तसं टिपून घेतलं आणि पुढचा विषय निघाला. मला बोलायचं होतं, पण ‘गावात’ म्हणून माझं वाक्य मीच त्यांच्या हातात दिलं होतं. शाळेचं नाव आता कुणी काढणार नाही.

बसमध्ये मी ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा दुरुस्त करत होते. पलतडी गेली. पलतडी राहायला गेली, साहेब.

आता आई चुलीपुढे बसून पिठी ढवळते आहे. तिसऱ्या काढायला सोबत कुणी नाही, म्हणून हल्ली एकटी खाडीत उतरत नाही. मघाशी मान वर न करता तिने विचारलं, "गावात कधी जातलंस गो?"

बाई, मी तिचा शब्द काही सुधारला नाही. म्हटलं, उद्या.